हवेतले जंतू मोजणारी पेटी नेमकं काय मोजते?

कोल्हापुरात राजारामपुरीत अभ्यासिका चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जुलैमध्ये मला फोटो पाठवला. टेबलावर तळहाताएवढी पांढरी पेटी, तिच्या पडद्यावर लाल रंगात ८१२ हा आकडा. खाली लिहिलं होतं, "मॅडम, एकजण आलाय. हवेतले जंतू मोजून दाखवतोय. आपल्या हॉलमध्ये एवढे निघाले. पोरं आजारी पडतील म्हणतोय, हवा शुद्ध करायचं मशीन घ्या म्हणून मागं लागलाय. काय करू?"

मी फोन केला. "८१२ कशाचे?"

"जंतूंचे की."

"कुठल्या जंतूंचे? जिवंत की मेलेले? किती हवेतले? आणि पेटी बाहेर गॅलरीत नेली तर किती दाखवते?"

पहिल्या तीन प्रश्नांना विक्रेत्याकडे उत्तर नव्हतं. चौथ्याचं उत्तर पेटीनेच दिलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, गॅलरीत माणूस नव्हता, आणि पडद्यावर ७९० आलं.

आकडा कसा वाचायचा हे कोल्हापूरकरांना शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर चहाच्या आधी आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या आकड्याला वजन आहे, कारण पट्टी कुठे रोवली आहे ते ठाऊक असतं, ती पाण्याची उंची मोजते हे ठाऊक असतं, आणि किती फुटांना कुठल्या गल्लीत पाणी शिरतं याचा पिढ्यांचा अनुभव पाठीशी असतो. ८१२ या आकड्यापाठीमागे यातलं काहीच नव्हतं.

कोविडनंतर हातात उचलून नेता येतील अशी हवेची यंत्रं बाजारात भरपूर आली. त्यांतली काही खरोखर थक्क करणारी आहेत. काही मात्र नुसती धूळ मोजतात आणि तिला जंतू म्हणतात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दवाखाने, शाळा, अभ्यासिका, मंगल कार्यालयं यांच्या दारात आता ही यंत्रं विकायला येणार, म्हणून हा फरक नीट सांगावासा वाटतो.

हवेत असतं तरी काय?

बंद खोलीत उन्हाची तिरीप आली की तिच्यात कण नाचताना दिसतात. ते दिसतात म्हणजे ते मोठे. जंतू त्यांच्याहून खूप लहान. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं बी, २ ते १० मायक्रॉनचा. बॅक्टेरिया एक-दोन मायक्रॉनचे. विषाणू एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, पण ते सहसा सुटे उडत नाहीत. आपल्या श्वासातल्या, खोकल्यातल्या थेंबांत बसून ते प्रवास करतात.

आकाराला महत्त्व का, ते खाली पडायला लागणाऱ्या वेळावरून कळतं. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तोंडाच्या उंचीवरून, १०० मायक्रॉनचा थेंब काही सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला सात-आठ मिनिटं लागतात. एका मायक्रॉनच्या कणाला अगदी स्थिर हवेतही बारा तासांच्या आसपास. आणि खोलीतली हवा कधी स्थिर नसते. पंखा असतो, माणसं हलतात. थोडक्यात, सकाळच्या बॅचमधला मुलगा खोकला आणि खोली बंद राहिली, तर त्यातले बारीक कण दुपारच्या बॅचपर्यंत तरंगत राहू शकतात.

सजीवांपासून हवेत आलेल्या या सगळ्या कणांना मिळून शास्त्रात बायोएरोसॉल म्हणतात. आपण त्यांना जैविक कण म्हणू. त्यांत जिवंत जंतू आले, मेलेले आले, त्यांचे तुकडे, परागकण, आपल्या कातडीचे कपचेही आले. यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. जंतू नसलेली हवा पृथ्वीवर जवळपास कुठेच नाही. त्यामुळे "तुमच्या हवेत जंतू आहेत" हे वाक्य कुठल्याही खोलीत खरंच ठरतं.

थाळी, चायना ग्रास आणि चार दिवसांचा धीर

हवेतले जंतू जागेवर जाऊन मोजण्याचा उद्योग नवा नाही. १८६० साली लुई पाश्चरने उकळून जंतुमुक्त केलेल्या द्रवाच्या काचेच्या बंद कुप्या फ्रान्समध्ये ठिकठिकाणी नेल्या, तिथे क्षणभर उघडून हवा आत घेतली आणि पुन्हा बंद केल्या. डोंगराच्या पायथ्याशी उघडलेल्या २० पैकी ८ कुप्या नासल्या, डोंगरावरच्या २० पैकी ५, आणि आल्प्समधल्या हिमनदीवर नेलेल्या २० पैकी एकच. उचलून नेता येणारी हवातपासणी म्हणायची तर ती हीच. त्यात त्याने एक गोष्ट अचूक केली होती. एका जागेचा आकडा एकटा न मांडता दुसऱ्या जागेच्या आकड्याशेजारी ठेवला.

पुढची पायरी स्वयंपाकघरातून आली. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्थर हेस हवेतल्या जंतूंवर काम करत होते. जिलेटिनच्या थरावर जंतू वाढवायचे, पण उन्हाळ्यात तो थर वितळून जायचा. त्यांच्या पत्नी फॅनी हेस जेली करताना समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार वापरायच्या. त्यांनी ते सुचवलं. हे अगार म्हणजे आपल्याकडच्या वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेला हा उपाय आज जगातली प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळा वापरते.

पद्धत सोपी आहे. जंतूंचं खाद्य मिसळलेल्या अगारची थाळी खोलीत उघडी ठेवायची. जे कण पडतील ते पडतील. मग झाकण लावून थाळी उबेला ठेवायची. बॅक्टेरियांना एक-दोन दिवस, बुरशीला तीन ते सात दिवस. एकेका जिवंत जंतूपासून किंवा त्यांच्या झुबक्यापासून एकेक ठिपका वाढतो, आणि ठिपके मोजायचे. या ठिपक्याला वसाहत म्हणतात.

यात उणीव अशी, की थाळीत जड कणच जास्त पडतात. ज्या बारीक कणांची आपल्याला खरी काळजी, ते थाळीवरून तरंगत निघून जातात. म्हणून पंपाने हवा ओढून थाळीवर आपटणारी यंत्रं आली. १९५८ मध्ये अँडरसन या शास्त्रज्ञाने एकावर एक सहा चाळण्या ठेवलेलं यंत्र केलं. प्रत्येक चाळणीला ४०० भोकं, खालच्या चाळणीची भोकं वरच्यापेक्षा बारीक. मोठे कण वरच्या थाळीत अडकतात, लहान खाली. रवा, मैदा आणि भुसा वेगळा करावा तसं. कुठला कण नाकात अडकेल आणि कुठला फुप्फुसाच्या तळाशी जाईल याचा अंदाज त्यातून येतो. आजची बॅटरीवर चालणारी, हातात धरायची थाळीयंत्रं याच कल्पनेची लहान भावंडं आहेत. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारं यंत्र दहा मिनिटांत एक घनमीटर हवा तपासतं. बसलेल्या माणसाला तेवढी हवा श्वासात घ्यायला दोन तास लागतात.

या पद्धतीत नमुना जागेवर घेतला तरी उत्तराला दिवस लागतात. शिवाय थाळीवर वाढणारेच जंतू मोजले जातात. विषाणू तिच्यावर वाढतच नाहीत, कारण त्यांना जिवंत पेशी लागते. क्षयरोगाचा जंतू साध्या थाळीवर वाढत नाही, आणि त्याच्या खास खाद्यावरही आठवडेच्या आठवडे घेतो. तरीही या पद्धतीवर माझा विश्वास आहे, कारण ती काय मोजते आणि काय मोजत नाही हे लपून राहत नाही.

मग लगेच आकडा दाखवणारी पेटी?

स्वस्त पेट्यांमध्ये एक छोटा पंखा, एक प्रकाशाचा किरण आणि एक डोळा असतो. कण किरणातून गेला की प्रकाश विखुरतो, डोळा तो टिपतो, आकडा वाढतो. झालं एवढंच. कण मातीचा, अगरबत्तीच्या धुराचा, फोडणीच्या तेलाचा की जंतूचा, हे तिला कळत नाही. पावसाळ्यात दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि धुक्याचे थेंबही मोजले जातात. गॅलरीत ७९० आलं त्याचं हे कारण असावं, असा माझा अंदाज आहे.

दूध संस्थेत रोज सकाळी काय होतं ते आठवा. मशीन मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, सांगतं. त्यावर दर ठरतो आणि कुणाची तक्रार नसते. पण त्या फॅटच्या आकड्यावरून "दुधात जंतू किती" असं कुणी सांगू लागलं तर गवळीसुद्धा ऐकून घेणार नाही. त्यासाठी वेगळी चाचणी असते. दुधात निळा रंग घालतात आणि तो किती वेळात उडतो ते बघतात. जंतू जास्त तर रंग लवकर जातो. धुळीच्या पेटीवर जंतूंची चिठ्ठी चिकटवणं हे फॅटच्या मशीनवर जंतूंची चिठ्ठी चिकटवण्यासारखं आहे.

याच्या वरच्या पायरीची, बरीच महाग यंत्रं आहेत, ती चमक बघतात. दुकानात नोट जांभळ्या प्रकाशाखाली धरली की तिच्यातला धागा चमकतो, तसंच. सजीव पेशीत काही रसायनं अशी असतात की अतिनील प्रकाश पडला की ती वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडतात. प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन त्यांतलं एक. कण एकेक करून किरणासमोरून जातो आणि यंत्र सेकंदासेकंदाला सांगतं, हा चमकला, हा नाही. एखाद्या खोलीत माणसं शिरल्यावर किंवा सतरंजी झटकल्यावर जैविक कण कसे उसळतात, हे या यंत्रांमुळे डोळ्यांसमोर दिसतं. थाळीने ते कधीच दिसलं नसतं.

पण चमकतं ते सगळं सजीव नसतं. काही प्रकारचा धूर चमकतो. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जे चमक आणणारं द्रव्य असतं, ते कापडाच्या तंतूंबरोबर हवेत येतं. कागदाचे तंतूही चमकतात, आणि अभ्यासिकेत तर कागदच कागद. शिवाय चमकणारा कण बुरशीचा की बॅक्टेरियाचा, याचा ही यंत्रं फार तर अंदाज देतात. नाव सांगू शकत नाहीत.

तिसरी एक पद्धत आपल्या जिल्ह्याला जवळची वाटेल. मे-जूनमध्ये राधानगरीच्या रानात काजवे बघायला आपण जातो. काजव्याच्या अंगातलं जे द्रव्य प्रकाश निर्माण करतं, ते पेशीतल्या ऊर्जेच्या एका रसायनाशी मिसळलं की उजेड पडतो. गोळा केलेल्या नमुन्यात ते घातलं आणि उजेड मोजला की सजीव द्रव्य किती आहे ते काही मिनिटांत कळतं. स्वयंपाकाचे ओटे, कारखान्यातली भांडी स्वच्छ आहेत का, हे असंच तपासतात. हवेसाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. जंतू कुठला, ते तीही सांगत नाही.

नाव-गाव सांगणारी यंत्रं

"हा अमुकच विषाणू" असं सांगायचं असेल तर त्याचा जनुकीय ठसा वाचावा लागतो. कोविडमध्ये नाकात काडी घालून केलेली आरटीपीसीआर हीच गोष्ट करत होती. आता हवा ओढून तिच्यातले कण थोड्या पाण्यात धरायचे आणि त्या पाण्याची अशी चाचणी करायची, हे सूटकेसएवढ्या सामानात करता येतं. पीसीआरला नमुना वारंवार तापवावा आणि गार करावा लागतो. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी मांडलेल्या लॅम्प (LAMP) नावाच्या पद्धतीला ६० ते ६५ अंशांचं एकच तापमान पुरतं, त्यामुळे यंत्र लहान आणि सोपं होतं. जनुकांची अक्षरं वाचणारं मुठीत मावणारं एक यंत्र तर २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत वापरलं गेलं आणि २०१६ मध्ये अंतराळ स्थानकात.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी खोलीच्या हवेतला कोविडचा विषाणू पाच मिनिटांत ओळखणारं यंत्र जाहीर केलं. ते मिनिटाला १,००० लिटर हवा ओढतं, हवा आणि द्रव भोवऱ्यासारखे फिरवून कण द्रवात पकडतं. मग लामा या प्राण्याच्या प्रतिपिंडापासून, म्हणजे शरीर जंतूंशी लढायला बनवतं त्या प्रथिनापासून, तयार केलेला एक बारीक गळ विषाणूला अडकवतो. हे मला फार मोठं पाऊल वाटतं. त्याचा आवाज ही त्याची उघड अडचण आहे. एवढी हवा ओढायची तर आवाज येणारच. आणि ते ज्यासाठी बनवलं, तोच विषाणू बघतं. शेजारी फ्लूचा विषाणू असला तर त्याला पत्ता नाही.

ठसा वाचणाऱ्या चाचण्यांना मेलेला जंतूही जिवंतासारखाच दिसतो. यावर लगेच कुणी म्हणेल, मग मेलेले मोजून उपयोग काय? संसर्गाच्या हिशोबात खरंच कमी. पण सगळे आजार संसर्गाचे नसतात.

आपल्या ऊसपट्ट्यातलंच उदाहरण घ्या. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याचे, ढीग असतात. ओला ढीग बरेच महिने पडून राहिला की आतून तापतो, आणि त्या उष्णतेत वाढणारे जंतू त्याच्यावर माजतात. असा जुना ढीग उपसताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली तर काही माणसांना चार-आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप लागते. फ्लू समजून औषध घेतलं जातं, दोन दिवसांत बरं वाटतं, पुन्हा ढिगावर गेलं की पुन्हा तेच. या आजाराचं नाव बगॅसोसिस. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. शरीर त्या धुळीवर भडकतं, आणि भडकायला जंतू जिवंत असावा लागत नाही. हे वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस कायमचं आखडतं. अशा ठिकाणी जिवंत जंतू मोजणाऱ्या थाळीने "सगळं ठीक" म्हटलं तरी त्यावर विसंबता येणार नाही. म्हणून मी विद्यार्थ्याला पहिल्यांदा "जिवंत की मेलेले" हे विचारलं होतं.

टीबीचा जंतू यात सापडेल का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि टीबी हवेतूनच पसरतो.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी एक प्रयोग केला. सहा खोल्यांच्या टीबी वॉर्डमधली हवा नळांतून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे दीडशेच्या आसपास गिनीपिग ठेवले. रुग्ण आणि प्राणी यांच्यात दुवा फक्त हवेचा. गिनीपिगना टीबी झाला. ज्या दुसऱ्या गटाकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील प्रकाश सोडला होता, त्या गटात कुणालाच झाला नाही. टीबी हवेतून जातो याचा तो पक्का पुरावा ठरला.

त्यांनी काढलेला हिशोब मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. सुमारे ११ ते १२ हजार घनफूट हवेत संसर्ग करणारा एक कण. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १,२०० घनफूट. नऊ-दहा खोल्यांच्या हवेत मिळून एक कण! हातातलं थाळीयंत्र दहा मिनिटांत एक घनमीटर, म्हणजे ३५ घनफूट हवा बघतं. रंकाळा तलावात एकच मासा आहे आणि आपण एक घागर बुडवून काढली. घागरीत मासा नाही, म्हणून रंकाळ्यात नाही असं कसं म्हणणार? पण त्या वॉर्डात रात्रंदिवस राहणारा माणूस दिवसाला दहा-अकरा हजार लिटर हवा घेतो. महिन्याभरात त्याच्या वाट्याला तो एक कण येतो, आणि टीबीला तेवढं पुरू शकतं.

त्यामुळे "आमच्या वॉर्डातली हवा तपासली, टीबी निघाला नाही" या वाक्यावर विसंबून कुणी खिडक्या बंद करू नयेत, ही माझी हात जोडून विनंती आहे.

धोक्याची पातळी किती?

राजाराम बंधाऱ्यासारखी सर्वांनी मान्य केलेली पातळी घराच्या हवेतल्या जंतूंसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, तीत बुरशीच्या बीजाणूंचा सुरक्षित आकडा दिलेला नाही. ओल आणि बुरशी घरात वाढू देऊ नका, आली तर मूळ दुरुस्त करा, असं म्हटलं आहे. कुठल्या जंतूचे किती कण कुणाला आजारी पाडतील हे जंतूवर, माणसावर आणि वेळावर ठरतं. निरोगी तरुणाला ज्या बुरशीने काही होत नाही, ती केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

मर्यादा ठरलेली ठिकाणं आहेत. इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यांत, कामाच्या टप्प्यानुसार, घनमीटरला १०, १०० किंवा २०० वसाहती अशा पायऱ्या असतात. सर्वांत आतल्या जागी एकही चालत नाही. पण त्या मर्यादा औषध शुद्ध राहावं म्हणून आहेत. दिवाणखान्याला त्या लावणं म्हणजे ऑपरेशन थिएटरचा नियम तालमीच्या हौद्याला लावणं.

मग आकडा वाचायचा कसा? शेजारी दुसरा आकडा ठेवून. आतला आणि बाहेरचा. कालचा आणि आजचा. खिडकी बंद असतानाचा आणि उघडल्यानंतरचा. बाहेर नसलेली एखाद्या जातीची बुरशी आत भरपूर निघाली, तर घरातच कुठेतरी ती वाढते आहे. तेही एकदा मोजून भागत नाही. सकाळी झाडलोट झाल्यावर आणि दुपारी शांत खोलीत आकडे कितीतरी वेगळे येतात.

पूर ओसरल्यावरची भिंत

२०२१ च्या जुलैतल्या पुरात माझ्या आईच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरलं, गाळ काढला, आणि पंधरा दिवसांत कपाटामागची भिंत काळी-हिरवी झाली. आईला दमा आहे. रात्री तिचा श्वास वाजू लागला. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलं, की आधी हवा तपासून घ्या, मग काय ते ठरवा.

मी तपासली नाही. भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसते, वास येतो, माणसाला त्रास होतो. एवढ्यावर कुठल्या आकड्याची वाट बघायची? जी बुरशी दिसते ती काढायला तिचं नाव कळावं लागत नाही. भिजलेली गादी, प्लायवूड, कापूस फेकून दिला. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर तिच्यात बुरशी धरतेच. भिंत कोरडी घासली नाही, कारण कोरड्या ब्रशने बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसली आणि फडकी टाकून दिली. त्या दिवशी आईला मावशीकडे ठेवलं. भिंत पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे पार दिवाळीच्या पुढे, रंग दिला नाही. ओल्या भिंतीवर प्लास्टिक रंग मारला की ओल आत कोंडते आणि बुरशी पापुद्र्याखाली वाढते. शेवटी चुना मारला. चुना बुरशीला मानवत नाही, आणि भिंतीला वाळू देतो.

एक धोक्याची सूचना इथेच देते. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो.

"पण आमच्याकडे एसी आहे" आणि "आम्ही धूप घालतो"

घरातला, अभ्यासिकेतला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तीच हवा फिरवून गार करतो. त्याची जाळी मोठी धूळ अडवते, श्वासातले बारीक कण अडवत नाही. साठ मुलं, बंद खिडक्या आणि दोन एसी म्हणजे साठ जणांचा उच्छ्वास गार करून परत वाटणं.

धुपाचं मोल माझ्याही घरात आहे, संध्याकाळी आई घालते. पण त्याने हवेतले कण वाढतात, आणि दमेकऱ्याच्या छातीला ते सोसत नाहीत. धूप घालताना खिडकी उघडी ठेवावी.

हवा गाळणारी यंत्रं उपयोगी आहेत. हेपा म्हणून विकला जाणारा खरा गाळणा एका मायक्रॉनच्या तिसऱ्या भागाएवढे कणही ९९.९७ टक्के अडवतो. मात्र यंत्र खोलीच्या मापाचं हवं, आणि गाळणा वेळेवर बदलायला हवा. भिंत ओली आणि खोली कोंदट ठेवून कोपऱ्यात यंत्र लावलं, तर पाझरणाऱ्या हौदाशेजारी फडकं घेऊन बसल्यासारखं होतं.

मग अभ्यासिकेत काय मोजायचं?

मी त्याला कार्बन डायऑक्साइड मोजणारी पेटी घ्यायला सांगितलं. ती जंतू मोजत नाही, तसा दावाही करत नाही. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. आपल्या उच्छ्वासात तो जवळपास ४०,००० भाग. म्हणून बंद खोलीतला आकडा जितका चढतो, तितका दुसऱ्याचा श्वास आपण आत घेतो. खोलीत २,००० झालं, तर हिशोब करून बघा. दर पंचवीस श्वासांतला साधारण एक श्वास कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला असतो. त्या कुणाला टीबी किंवा फ्लू असेल, तर पुढचं सांगायला नको.

घेताना बघायचं ते एवढंच, की पेटी अवरक्त किरणांनी प्रत्यक्ष वायू मोजणारी असावी. काही स्वस्त पेट्या दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. सॅनिटायझर हाताला लावून जवळ नेला की त्यांचा आकडा उसळतो. तेवढ्यावरून ओळखता येतं. आणि ही पेटी भिंतीवरच्या बुरशीबद्दल किंवा बगॅसच्या धुळीबद्दल काहीच सांगत नाही. गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरातही ती फसते, कारण शेगडीही हाच वायू सोडते. हवा गाळणारं यंत्र चालू असेल तर कण कमी होतात, पण वायूचा आकडा तसाच राहतो.

जंतू मोजणाऱ्या चांगल्या यंत्रांची जागा दुसरीकडे आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डाशेजारी बांधकाम निघालं, तर बुरशी आत येते का ते रोज बघायला. ऑपरेशन थिएटरचा गाळणा बदलल्यावर फरक पडला का ते बघायला. साथीच्या काळात विमानतळावर, मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नवा विषाणू शिरला का याचा आगाऊ सुगावा घ्यायला. कारखान्यात बगॅसचा ढीग उपसताना कुठल्या कामगाराच्या नाकाशी किती धूळ जाते, हे कॉलरला लावलेल्या लहान पंपाने बघायला. या शेवटच्या कामासाठी ती आपल्या जिल्ह्यात वापरली जावीत, असं मला फार वाटतं. तिथे मोजणाऱ्या माणसाच्या हाती उपायही असतो. ढीग कोरडा ठेवणं, पाणी मारून उपसणं, मास्क देणं, माणसांच्या पाळ्या बदलणं.

अभ्यासिकेतली पेटी ऑगस्टमध्ये आली. पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना, तिने १,९०० च्या वर दाखवलं. त्याने रस्त्याकडच्या खिडकीचा चिकटपट्टीने बंद केलेला वरचा झडप उघडला आणि समोरच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. एसी तसाच चालू. अर्ध्या तासात आकडा हजाराच्या खाली आला. विजेचं बिल थोडं वाढलं, रस्त्याचा आवाज येतो म्हणून मागच्या रांगेतल्या दोघांनी जागा बदलून घेतली. पेटी आता दारातल्या नोटीस बोर्डाखाली ठेवली आहे. १,००० दिसलं की जो जवळ असेल त्याने दुसरी खिडकी उघडायची, असं मुलांनी आपसांत ठरवलं आहे.